हिवाळा सरताना कोल्हापूर परिसरात पक्षी कुठे पाहावेत? कोकण किनारा, राधानगरी की घराजवळचे तळे?

कळंबेकर_बापलेक

नमस्कार. महाशिवरात्र आठवड्यावर आली आहे. थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाण्यापूर्वी जे थोडे रविवार हाती उरतील ते पक्षिनिरीक्षणासाठी कसे वापरावेत, याविषयी येथील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मी आणि आठवीत शिकणारी माझी मुलगी या हिवाळ्यात रंकाळा, कळंबा तलाव आणि शिवाजी विद्यापीठाचा परिसर येथे नियमित जात आलो. हळदी-कुंकू बदके, चांदवे, कमळपक्षी, शेकाटे, धोबी आणि थिरथिरा आता मुलगी दुर्बिणीशिवायही ओळखते. थापट्या आणि भुवई बदकही पाहून झाले आहेत.

फेब्रुवारी संपता संपता पाहुणे पक्षी परततात आणि तळ्यावर पाहण्यासारखे फारसे उरत नाही, असे बऱ्याच जणांनी सांगितले. म्हणून उरलेले रविवार तळ्यावर न घालवता एकदा घाट उतरून मालवण किंवा देवगडच्या किनाऱ्यावर जावे, की राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात जावे, असा विचार चालू आहे. आमच्याकडे ८×४२ ची दुर्बीण आहे, टेलिस्कोप नाही. पहाटे उठण्याची दोघांचीही तयारी आहे. केवळ नव्या पक्ष्यांची संख्या वाढावी अशी इच्छा नाही. या दिवसांत जे खरोखर पाहण्यासारखे असते ते मुलीला दाखवायचे आहे.

पाणवठा

आपल्या प्रश्नातील शेवटचे वाक्य वाचून आनंद झाला, म्हणून सविस्तर लिहितो. तळ्यावर काही उरत नाही, हे मत मला मान्य नाही. पाहुणे एकाच दिवशी उठून जात नाहीत. बदकांचे थवे हळूहळू विरळ होतात, धोबी आणि तुतवार त्यांच्यानंतरही बराच काळ रेंगाळतात, तर भोरड्यांचे थवे मार्च-एप्रिलमध्येच अधिक मोठे दिसतात. भोरड्यांना आपल्याकडे पळसमैना म्हणतात, आणि पळस, पांगारा व काटेसावर फुलल्यावर त्या झाडांवर त्यांची जी झुंबड उडते ती डिसेंबरात पाहायला मिळत नाही. कोल्हापूरहून गगनबावड्याकडे किंवा राधानगरीकडे जाताना रस्त्याकडेला फुललेली एखादी काटेसावर दिसली, तर सकाळच्या पहिल्या दोन तासांत तिच्यासमोर गाडी बाजूला लावून बसावे. शिंजीर, हरेवा, कोतवाल, बुलबुल, मैना आणि पोपट एकाच झाडावर येतात, आणि टेलिस्कोपची उणीव तेथे मुळीच भासणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हे दिवस रूपपालटाचे आहेत. बागेतील जांभळा शिंजीर घ्या. हिवाळ्यात त्याचा नर मादीसारखाच फिकट दिसतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा असतो. आता मात्र त्याच्या अंगावर चमकदार निळी-जांभळी पिसे येत असल्याने तो काही दिवस ठिगळे लावल्यासारखा दिसेल. पांढऱ्या धोब्याच्या गळ्यावर काळा रंग चढू लागतो आणि पिवळ्या डोक्याच्या धोब्याचा माथा उजळतो. आपली मुलगी हे पक्षी ओळखते, हेच तिचे भांडवल आहे. ओळखीच्या पक्ष्यातच होणारा बदल लक्षात येतो. नवख्या पक्ष्यात तो दिसूनही कळत नाही.

आणि आता मला मनापासून सांगायचे आहे ते. आपल्यापैकी बहुतेक जण थिरथिरा पहिल्यांदा कधी दिसला हे आवर्जून लिहून ठेवतात, परंतु तो शेवटचा कधी दिसला हे फारच थोड्या वह्यांमध्ये सापडते. याचे कारण साधे आहे. पहिला पक्षी दिसतो त्याच दिवशी तो पहिला असल्याचे कळते. शेवटचा पक्षी मात्र दिसताना तो शेवटचा आहे हे कळत नाही. त्यानंतर त्याच जागी पुन:पुन्हा जाऊन तो न दिसल्याचीही नोंद केली, तरच मागच्या नोंदीला शेवटची नोंद म्हणता येते. ज्या किनाऱ्यावर आपण वर्षातून एकदा जाणार, तेथे हे काम होणे शक्य नाही. घरापासून पायी जाता येईल अशा तळ्यावर किंवा बागेत ते होते, आणि त्याला रविवारच हवा असेही नाही. रोज सकाळी १५ मिनिटे एकाच ठिकाणी थांबून दिसलेल्या व ऐकू आलेल्या, ओळखता येणाऱ्या प्रत्येक पक्ष्याची यादी करावी. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या पक्षिगणनेत किमान १५ मिनिटांचीच यादी मागतात आणि ती ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर भरता येते. ते चार दिवस झाल्यावरही यादी थांबवू नये, मार्चअखेरपर्यंत चालू ठेवावी. कळंब्याच्या चांदव्यांची संख्या आठवड्यागणिक कशी बदलते, आणि पाणी ओसरून काठचा चिखल उघडा पडला की तेथे कोणते पक्षी नव्याने उतरतात, हे मुलीला स्वत:च्या आकड्यांवरून समजेल.

आचरा_खाडी

पाणवठा यांचे म्हणणे मला पटते, तरीही एक फेरी किनाऱ्यावर जरूर करा असे सुचवीन, कारण त्यांनी सांगितलेला रूपपालट किनाऱ्यावर सर्वांत ठळक दिसतो. हिवाळाभर पांढऱ्या डोक्याने आणि डोळ्यामागे एक काळा ठिपका घेऊन वावरणाऱ्या कुरवांची (सीगल) डोकी आता गडद होऊ लागतात. एकाच थव्यात पूर्ण पांढऱ्या, अर्धवट रंगलेल्या आणि पूर्ण रंगलेल्या डोक्यांचे पक्षी शेजारी शेजारी बसलेले दिसतात. वाळूवरच्या काही चिखल्यांच्या छातीवर तांबूस पट्टा उमटू लागतो. हे पक्षी उत्तरेकडे निघण्यापूर्वी भरपूर खाऊन अंगात चरबी साठवत असतात, म्हणून त्यांना या दिवसांत विनाकारण उडवणे विशेष हानिकारक ठरते. किनाऱ्यावर धावणारी मुले आणि कुत्री थव्यापासून दूर ठेवावीत, आणि कुरवांना शेव किंवा फरसाण कधीही घालू नये.

फेरीचा दिवस मात्र तिथी पाहून ठरवा. ओहोटीच्या वेळी पक्षी दूरवरच्या चिखलावर पांगतात आणि ८×४२ च्या दुर्बिणीतून केवळ ठिपके दिसतात; भरती चढू लागली की तेच पक्षी काठाकडे रेटले जातात. पूर्ण भरतीपूर्वीचे दोन-तीन तास सर्वांत उपयोगाचे. आमच्याकडचा जुना ठोकताळा असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास, तर अमावास्येला आणि पौर्णिमेला अकरा-साडेअकराच्या सुमारास. याचा अर्थ अष्टमीच्या आसपास भरती पहाटे आणि ओहोटी दुपारी येते, म्हणजे सकाळभर पाणी मागे हटत राहते आणि कोल्हापूरहून आलेल्या माणसाची पंचाईत होते. महाशिवरात्रीला लागून येणारी अमावास्या आपल्यासाठी सोयीची आहे, कारण पहाटे ओहोटी संपून सूर्योदयापासून पाणी चढू लागते आणि साधारण आठ ते दहा या वेळेत थवे जवळ येतात. शिवाय ऊनही पाठीशी असते, कारण आपला किनारा पश्चिमेला आहे. पुढची पौर्णिमा होळीची. त्या सुमारास शिमग्यासाठी गावी येणाऱ्यांमुळे घाटात आणि राहण्याच्या ठिकाणी गर्दी असते, म्हणून ती टाळावी. आदल्या संध्याकाळीच उतरून मुक्काम करा. पहाटे कोल्हापूर सोडून ही वेळ गाठता येत नाही.

जागा निवडताना उघड्या पुळणीपेक्षा खाडीचे मुख पाहावे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तेथे, किंवा आचऱ्याच्या खाडीत, वाळूचे पट्टे, चिखल आणि खडक जवळजवळ असल्यामुळे कुरव, सुरय, चिखल्या आणि समुद्री बगळा असे वेगवेगळ्या सवयींचे पक्षी एका सकाळी भेटतात. माडांच्या वर नजर ठेवा, पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुडही दिसू शकेल.

कळंबेकर_बापलेक

दोघांचेही आभार. तिथीचा हिशेब मुलीने लगेच वहीत उतरवून घेतला. अमावास्येच्या रविवारी देवबागला जाण्याचे ठरवत आहोत आणि कळंब्याची रोजची यादी उद्यापासून सुरू करतो. दोन शंका आहेत. तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव एकाच थव्यात असतील तर ते कसे वेगळे ओळखावेत? आणि तळ्याव्यतिरिक्त गावाच्या जवळपास, म्हणजे शेतात किंवा माळावर, या दिवसांत काय पाहावे?

आचरा_खाडी

डोक्यावर विसंबू नका. काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोकेही प्रत्यक्षात गडद चॉकलेटी असते, आणि अर्धवट रंगलेल्या पक्ष्यांत तर काहीच ठरवता येत नाही. पक्षी उडताना पंखांची टोके पाहावीत. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचे टोक ठळक काळे असून त्यात पांढरे डाग दिसतात, तर काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पाचर असते आणि काळा रंग टोकाच्या मागच्या बारीक कडेपुरता उरतो. तपकिरी डोक्याचा कुरव थोडा थोराड असतो, आणि पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्याचा डोळा फिकट दिसतो. थव्यात एखादा फारच मोठा आणि डोके पूर्ण काळे झालेला कुरव दिसला, तर तो पल्लासचा कुरव असण्याची शक्यता तपासावी. त्याची चोच जाड, पिवळी आणि टोकाशी काळी-लाल असते.

खोडवा

शेताविषयी मी सांगतो, कारण माझी शेती कागल तालुक्यात आहे. उसाच्या गाळप हंगामाचा शेवट जवळ आला की तोडीचे फड एकामागून एक मोकळे होतात आणि खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, पाणी सुटते. पाणी पाजत असलेल्या रानात सकाळी साडेसात-आठच्या सुमारास उभे राहिलात, तर गायबगळे, वंचक, काळे शराटी, मैना आणि धोबी पाण्याच्या पुढे पुढे सरकताना दिसतील, कारण पाण्यामुळे जमिनीतील किडे बाहेर येतात. अशा वेळी दलदली भोवत्या किंवा कापशी घार वरून फेऱ्या मारते. जेथे पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवतात तेथे कोतवाल आणि घारी जमतात हे खरे, परंतु त्याच आगीत जमिनीलगतची घरटी आणि लपलेले जीव नष्ट होतात. पाचट न जाळता सरीत आच्छादन म्हणून ठेवलेल्या माझ्या रानात तितर आणि तिरचिमण्या अधिक दिसतात, असे माझे निरीक्षण आहे. शेतात उतरण्यापूर्वी मालकाला विचारावे. बहुतेक जण आनंदाने परवानगी देतात.

सह्यमाथा

माळासाठी पन्हाळ्याजवळचे मसाई पठार सुचवतो. गवत वाळलेले असते, त्यामुळे चंडोल, तिरचिमण्या, गप्पीदास आणि खाटीक लपून राहत नाहीत. डोंबारी चंडोलाचा नर हवेत वर चढून पंख मिटून खाली सूर मारतो, तो खेळ या दिवसांत सुरू झालेला असतो. संध्याकाळी माँटेग्यूचा भोवत्या गवतावरून खाली खाली उडताना दिसला, तर तो रात्रीच्या मुक्कामाला जमिनीवर उतरत असण्याचा संभव आहे. त्या जागेच्या जवळ जाऊ नये आणि तेथे वाहन तर मुळीच नेऊ नये.

राधानगरी या वेळी सोडून दिलीत तरी हरकत नाही, असे मी म्हणेन, आणि हे त्या जंगलावरील प्रेमापोटीच म्हणतो. १९५८ साली गव्यांसाठी राखलेले आणि २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटासोबत समाविष्ट झालेले हे अभयारण्य एका धावत्या रविवारात पाहून होत नाही. शिवाय धनेशांचा (हॉर्नबिल) विणीचा काळ याच सुमारास सुरू होतो. मादी झाडाच्या ढोलीत स्वत:ला लिंपून घेते आणि नर बारीक फटीतून तिला फळे भरवतो. ढोलीखाली माणसे थांबली तर नर तेथे येण्याचे टाळतो आणि आतले कुटुंब उपाशी राहते. म्हणून जायचेच झाल्यास वनविभागाच्या मार्गदर्शकासोबत जा, ढोली दाखवा असा आग्रह त्याला करू नका, आणि फळांनी लगडलेला वड किंवा उंबर सापडला तर दूर अंतरावर बसून राहा. हरियाल, कुटुर्गे आणि धनेश खाण्यासाठी तेथेच येतात.

पाणवठा

कळंब्याच्या यादीबाबत एक सूचना राहिली. उभे राहण्याची जागा, सुरुवातीची वेळ आणि मिनिटे रोज तीच ठेवा, आणि ज्या दिवशी धुके किंवा वारा असेल त्या दिवशी तसे लिहा. अन्यथा चांदवे कमी झाले की केवळ दिसले नाहीत, हे नंतर ठरवता येत नाही. थिरथिरा, पांढरा धोबी, थापट्या, भुवई बदक आणि चांदवा यांच्यासाठी वहीत वेगळे रकाने आखावेत आणि न दिसल्यास रकाना कोरा न सोडता शून्य लिहावे. तांबटाचा ठोका, दयाळाचे गाणे आणि कोकिळाची पहिली हाक यांच्यासाठी शेजारीच आणखी तीन रकाने ठेवल्यास, जाणारे पक्षी आणि गाऊ लागलेले रहिवासी पक्षी एकाच पानावर येतील. मार्चअखेरीस ते पान येथे टाकावे. मीही रंकाळ्याचे माझे पान टाकीन, म्हणजे दोन्ही तळ्यांच्या तारखा शेजारी ठेवून पाहता येतील.