शब्दचर्चा: ‘फ्रेंड्स टू लव्हर्स’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

जळगाव जिल्ह्याच्या पार्श्वभूमीवर मी एक हलकीफुलकी प्रेमकादंबरी लिहीत आहे. नायक आणि नायिका चोपड्याच्या एकाच गल्लीत वाढलेले आहेत. नायिका पुण्यात नोकरी करते, नायकाचे ठिबक सिंचनाच्या साहित्याचे दुकान आहे. ती आखाजीला घरी येते, तेव्हा तिच्यासाठी आलेल्या स्थळाची चौकशी करण्याचे काम तिचे वडील विश्वासाने नायकावर सोपवतात आणि तेथून गोंधळाला सुरुवात होते. प्रणयकथांमध्ये या प्रकाराला ‘फ्रेंड्स टू लव्हर्स’ म्हणतात. मलपृष्ठावर आणि संवादांत वापरता येईल असा मराठी शब्द हवा आहे. ‘मित्र ते प्रियकर’ हे एखाद्या सरकारी योजनेचे नाव वाटते. ‘सखा’ चालेल का?

उत्तर

मलपृष्ठाचा प्रश्न सोपा आहे. ‘मैत्रीतून प्रेम’ एवढे लिहिले तरी वाचकाला प्रकार कळतो. त्यासाठी नवा समास घडवण्याची गरज नाही. संवादांचा प्रश्न मात्र वेगळा आहे, कारण मराठीत मैत्री आणि प्रेम यांच्यामधली हद्द नामापेक्षा क्रियापदाने आणि संबोधनाने अधिक स्पष्ट होते.

प्रथम ‘सखा’. या शब्दात दोन्ही अर्थ प्राचीन काळापासून एकत्र नांदत आले आहेत. ‘साप्तपदीनं सख्यम्’ असे पाणिनीचे सूत्रच आहे: सात पावले बरोबर चालल्याने जे जुळते, ते सख्य. विवाहातील सप्तपदीचे सातवे पाऊलही सख्यासाठीच असते. ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेला शिव पार्वतीला हेच सांगतो की, सज्जनांचे सख्य साप्तपदीन असते. म्हणजे प्रियकर मैत्रीची भाषा पांघरून बोलतो आहे आणि समोरच्या व्यक्तीला अजून ते ठाऊक नाही. आपल्या कथाप्रकाराचा यापेक्षा जुना मासला शोधावा लागू नये. ‘रघुवंशा’त इंदुमतीसाठी विलाप करणारा अज तिला गृहिणी आणि सचिव यांबरोबर सखीही म्हणतो. एवढी परंपरा असूनही चोपड्यातला दुकानदार मुलगा नायिकेला ‘सखी’ म्हणू लागला, तर वाचक हसेल, आणि तेही चुकीच्या ठिकाणी. आजच्या मराठीत ‘सखा’ आणि ‘सखी’ हे शब्द लावणी, भावगीत व अभंग यांच्याकडे राहिले आहेत. बोलण्यात ते उरलेले नाहीत.

‘जिवलग’ची गंमत अधिक उपयोगी पडेल. विशेषण म्हणून तो ‘मित्र’च्या आधी आला की अर्थ निखळ मैत्रीचा असतो: ‘जिवलग मित्र’. तोच शब्द एकटा आणि संबोधनात आला, म्हणजे ‘जिवलगा’ झाला, की अर्थ प्रेमाकडे झुकतो. ‘खास’चेही तसेच आहे. ‘खास मित्र’ म्हणजे जवळचा मित्र. परंतु चित्रपटविषयक सदरांत एखाद्या नटाची ‘खास मैत्रीण’ छापून आली, की त्यातली ‘मैत्रीण’ हा शब्द कोणीच शब्दशः घेत नाही.

खरी संपत्ती आहे ती ‘जीव’ या शब्दाभोवतीच्या वाक्प्रचारांत. जीव लावणे, जीव लागणे आणि जीव जडणे या तिन्हींचे अर्थ एक नाहीत. जीव लावणारा माणूस कर्ता असतो; तो शेजारच्या मुलाला, गोठ्यातल्या वासराला किंवा बालमैत्रिणीला जीव लावू शकतो, आणि त्यात कोणाला काही वावगे दिसत नाही. जीव लागतो किंवा जडतो तेव्हा माणूस कर्तेपणावरून उतरतो आणि जीवच कर्ता होतो. जे घडते ते त्याला न विचारता घडते. ‘प्रेमात पडणे’ हा प्रयोग पहिल्या भेटीतल्या प्रेमाला शोभतो, कारण पडणे एका क्षणाचे असते. वीस वर्षांच्या ओळखीनंतर माणूस पडत नाही. आपला जीव केव्हाच जडलेला आहे, हे त्याला फार उशिरा लक्षात येते. नायिकेच्या आईने पहिल्या प्रकरणात ‘तू तिला किती जीव लावतोस रे’ असे कौतुकाने म्हणावे आणि पुढे केव्हातरी नायकाने स्वतःशी ‘जडला’ हे क्रियापद वापरावे. कथेचा सांधा तेथे आपोआप येईल.

‘मित्र’ हा शब्द नायिकेच्या तोंडी घालताना मात्र जपावे. तालुक्याच्या गावात मुलीने घरी ‘माझा मित्र’ म्हटले, की ऐकणारे त्यातून भलताच अर्थ काढतात, म्हणून मुली ‘आमच्या वर्गातला’ किंवा ‘अमक्या काकांचा मुलगा’ असे म्हणतात. आपली नायिका पुण्यात इतरांविषयी ‘मित्र’ हा शब्द सहज वापरेल आणि चोपड्यात नायकाविषयी तोच शब्द टाळेल. विनोदासाठी ही जागा भरपूर आहे.

‘स्थळ’ या शब्दाकडेही दुर्लक्ष करू नये. ज्याला वडिलांनी चौकशीला पाठवले, तो त्यांच्या हिशोबात स्थळच नाही. आपल्याकडे मैत्रीतून प्रेमापर्यंतचा प्रवास दोघांपुरता असतो, त्यापुढे सोयरीक जुळणे हा आणखी एक टप्पा उरतो. नुसते ‘फ्रेंड्स टू लव्हर्स’ म्हटल्याने कथेचा तेवढा भाग नावाबाहेर राहतो.

पुरवणी, धुळ्याहून

वरील विवेचन प्रमाण मराठीपुरते योग्य आहे. नायकाची आजी अहिराणी बोलत असेल, तर तिच्या बोलण्यात ‘प्रियकर’ किंवा ‘प्रेयसी’ हे शब्द येणारच नाहीत. ‘तो मना दोस्त शे’ एवढे ऐकून ती गप्प बसेल आणि सगळे ओळखून ‘जीव लागी गया’ एवढेच म्हणेल. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात लेवा गणबोलीही ऐकू येते, तेव्हा कोणाच्या घरात कोणती बोली आहे, हे आधी ठरवून घ्यावे. आणखी एक सूचना: खानदेशात पुरुषाला हाक मारताना भाऊ, भो, आप्पा, नाना, जिभाऊ यांपैकी काहीतरी लागतेच. गल्लीतल्या मुलीने मोठ्या मुलाला लहानपणापासून ‘भाऊ’ म्हटले असेल, तर पुढची कथा अवघड होते. दोघे एकाच वर्गात होते असे दाखवावे आणि नावाने हाक मारू द्यावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिप्रश्न

आभारी आहे. मग ‘फ्रेंडझोन’चे काय करावे? आणि लग्न ठरल्यावर ‘अरे’चे ‘अहो’ करावे का?

उत्तर

‘फ्रेंडझोन’ हा शब्द ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी मालिकेच्या १९९४ मधल्या एका भागामुळे प्रसिद्ध झाला आणि आता कॉलेजात तो जसाच्या तसा बोलला जातो. नायकाच्या मित्रांच्या तोंडी तो शोभेल. निवेदनात नको, कारण मैत्री म्हणजे हरल्यावर मिळणारी जागा, असे तो सुचवतो आणि आपली कथा नेमकी त्याविरुद्ध उभी आहे.

‘अरे’ कायम ठेवावे. बालवर्गापासून ‘अरे-तुरे’ करणारी मुलगी साखरपुड्याच्या दिवशी ‘अहो’ म्हणू लागली, तर ते खरे वाटणार नाही. तिच्या आईने मात्र चारचौघांत तरी ‘अहो’ म्हण, असा आग्रह धरावा. तिने एकदा तसा प्रयत्न करावा, आणि नायकाने मागे वळून तिचे वडील आले आहेत का, ते पाहावे.