गल्लीच्या गणपतीत वेताळ मुलगी करणार. कुणाचं काय म्हणणं?

गावभागकर (सांगली)
यंदा गणपतीत आमच्या गल्लीतली पोरं वेताळावर नाटुकलं बसवतायत. एका घरी माळ्यावर इंद्रजाल कॉमिक्सचे जुने मराठी अंक सापडले, पोरांनी त्यांचा फडशा पाडला आणि आता दुसरा विषय नाही. नव्या मंडळींसाठी सांगतो: ली फॉकने 1936 साली सुरू केलेला 'फँटम' म्हणजे आपला वेताळ. कवटीच्या गुहेत राहणारा, बुरखेधारी. चारशे वर्षं हा मेलेलाच नाही असं जंगलातले लोक धरून चालतात. खरी गोष्ट अशी की बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा.

वेताळासाठी दोघांची ऑडिशन घेतली. एक दहावीतला, उंचापुरा, तालमीत जाणारा. दुसरी आठवीतली मुलगी. पोराने आल्या आल्या दंड फुगवले आणि सगळे संवाद ओरडून म्हटले. पोरीने आधी अंगठ्या मागितल्या. आम्ही दोन साध्या रिंगा दिल्या. कवटीची म्हणून उजव्या हातात एक (दुष्टांवर ठोशाची खूण उमटवणारी), शुभचिन्हाची म्हणून डाव्या हातात एक (रक्षणाची खूण देणारी). प्रसंगात चाच्याला ठोसा मारला तो उजव्याने, आणि घाबरलेल्या लहानग्याच्या खांद्यावर हात ठेवला तो डाव्याने. कुणी सांगितलं नव्हतं. वाचून आलं होतं ते. मधे बोलायचं थांबून नुसती बघत उभी राहिली तेव्हा समोर बसलेली बारकी पोरं गप्प झाली.

मंडळातल्या काही वडीलधाऱ्यांचं म्हणणं, वेताळ पुरुष आहे, मुलगी शोभणार नाही. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला पात्र कळलंय त्यालाच भूमिका मिळाली पाहिजे.

मिरजवाला
दादा, पोरगी गुणी आहे, वाद नाही. पण पात्र कळणं आणि पात्र असणं यात फरक आहे. वेताळाची शपथ आठवा. चाचेगिरी, हाव, क्रौर्य, अन्याय यांचा नायनाट करीन आणि माझे मुलगे, त्यांचे मुलगे हे काम पुढे चालवतील. बापाकडून मुलाकडे हा त्या गोष्टीचा कणा आहे, तो फॉकने विचार करून घातला. तो काढला की उरतो फक्त बुरखा.

असा एक बदल केला की अख्खी गोष्ट बदलावी लागते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. दूरदर्शनवर सुमीत राघवनने केला तेव्हा तो शाळकरी पोरगा होता. 2017 च्या सिनेमात अमेय वाघने केला तेव्हा तो मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला तरुण झाला. वाघ चांगला नट आहे, सिनेमाही मी आवडीने पाहिला. पण फुरसुंगीचं ते सायकलवरचं कार्टं मला त्यात दिसलं नाही. वय बदललं, म्हणून रहस्य मोठं करावं लागलं, खलनायक मोठा करावा लागला.

कराडची वाचक
मिरजवाले, शपथ बरोबर सांगितलीत, पण त्याच फॉकने ज्युली लिहिली ते विसरलात. सतराव्या वेताळाची जुळी बहीण. भाऊ जखमी होऊन पडला तेव्हा तिने पोशाख चढवला आणि गुन्हेगारांना वेताळाचाच धाक वाटत राहिला. म्हणजे मुलीने वेताळ व्हायचं की नाही याचा निकाल लेखकाने स्वतःच देऊन टाकलाय.

आणि "मूळ वेताळ" म्हणता तो नेमका कुठला? आपल्याला जांभळा माहीत आहे. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल. त्याचा देश सुरुवातीला आशियात होता, मग हळूहळू आफ्रिकेत सरकला. आपल्या इंद्रजालने त्या बंगाला नावाच्या देशाचं डेंकाली केलं आणि सिंग चाच्यांचं सिंगा, म्हणजे इथल्या वाचकाला खटकायला नको. एवढं सगळं बदलून तो वेताळच राहिला. कारण त्याचं वागणं कुणी बदललं नाही. दुबळ्याच्या बाजूने उभं राहायचं आणि नाव मिरवायचं नाही.

विटेकर
वागणं वगैरे ठीक आहे हो, पण स्टेजवर मागच्या रांगेला आधी अंगयष्टी दिसते. वेताळ म्हटल्यावर भारदस्तच पाहिजे. तालमीतल्या पोराला द्या भूमिका, हाणामारी तरी खरी वाटेल.

कराडची वाचक
विटेकर, 'एक्स-मेन' कॉमिकमधला वूल्व्हरीन पाच फूट तीन इंच. सिनेमात तो करणारा ह्यू जॅकमन सहा फुटांच्या वर. आधी निवडलेला नट दुसऱ्या सिनेमात अडकला म्हणून ही भूमिका त्याला मिळाली. आज वूल्व्हरीन म्हटलं की त्याचाच चेहरा समोर येतो. अंतराळवीरांच्या मालिकांतही हेच. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'मधला स्टारबक 1978 साली पुरुष होता. 2003 मध्ये तीच भूमिका केटी सॅकॉफने केली, जुना स्टारबक केलेल्या नटाने जाहीर नाराजीही लिहिली. पण तिच्या स्टारबकमध्ये तोच बेदरकारपणा होता आणि वर एक जखम होती, जी आधीच्यात नव्हती.

हरिपूरचे आजोबा
अहो, आपण राहतो कुठे? नाट्यपंढरीत! विष्णुदास भाव्यांनी 1843 साली याच सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा सीता पुरुषानेच केली. त्यापुढे कितीतरी वर्षं नायिका पुरुषांनी केल्या आणि लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. पुरुषाने सीता केलेली चालते, मग मुलीने वेताळ केला तर कपाळाला आठ्या का? आणि हा फॉकसुद्धा नाटकवालाच होता, नाटकं लिहायचा, बसवायचा. त्याला हे वावडं नसतं.

मिरजवाला
आजोबा, तुमचा मान ठेवून बोलतो, पण हा दाखला उलटा आहे. तेव्हा बायकांना रंगभूमीवर येऊ देत नव्हते म्हणून पुरुष सीता करत. ती समाजाची अडवणूक होती. ज्या रिवाजाने मुलींना बाहेर ठेवलं, त्याच रिवाजाचा आधार घेऊन मुलीला आत कसं आणायचं? आणायचं तर तिच्या कामावर आणा.

ज्युलीचा मुद्दा मात्र कळीचा आहे, त्याला टाळत नाही. पण ज्युली भावाच्या जागी काही काळ उभी राहिली. बदली म्हणून. गादी तिची झाली नाही. तुमचं नाटुकलं ज्युलीवर असतं तर मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या असत्या.

हरिपूरचे आजोबा
मग तिच्या कामावरच आणतोय की! अंगठ्यांचं वाचलं नाही का तुम्ही?

कुंडलकर
तुमचा सगळा वाद वाचला आणि जीव तुटला. मुळात वेताळच कशाला? जंगलातले काळे लोक आणि त्यांचा रक्षणकर्ता गोरा, पिढ्यान् पिढ्या. यावर कुणीच बोलत नाही. फॉकच्याच जादूगार मँड्रेकच्या आफ्रिकी साथीदाराला, लोथारला, नंतरच्या काळात तरी नीट बोलू दिलं, चांगले कपडे दिले. वेताळाच्या मुळातला हा दोष पोशाखाचा रंग बदलून जात नाही आणि आतलं माणूस बदलूनही जात नाही.

आपल्या मातीत काय कमी आहे? 1943 साली प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ इंग्रजांची पगाराची गाडी अडवली. नाना पाटलांच्या लेकीने, हौसाताईंनी, भवानीनगरच्या पोलिस ठाण्यासमोर मार खाण्याचं नाटक केलं. पोलिस तिकडे धावले आणि साथीदारांनी बंदुका लांबवल्या. हे कॉमिक कुणी काढायचं? ती पोरगी एवढी हुशार आहे तर तिला हौसाताई करू दे. कुणाची उसनी गादी मागायला नको, शोभतंय की नाही विचारायला नको. आपल्याकडे नटांची वानवा नाही, लिहिणाऱ्यांची आहे. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तसा स्वतःचा फेणेही उभा केला. आपण फक्त पहिलं काम करतोय.

गावभागकर (सांगली)
कुंडलकर, गोऱ्या रक्षणकर्त्याचा मुद्दा मान्य. पोरांशी त्यावर बोलायला हवं आणि मी बोलणार आहे. हौसाताईंवर तुम्हीच लिहा. लिहून पाठवलंत तर बसवायची जबाबदारी माझी.

पण म्हणून वेताळ सोडायचा, हे पटत नाही. ही गोष्ट पोरांनी स्वतः निवडली. आपण मोठ्यांनी "हे नको, ते करा" म्हटलं की पोरं कॉमिक मिटतात आणि मोबाईल उघडतात. तिने आठवडाभर ते पिवळे पडलेले अंक उशाला घेऊन वाचलेत. तिला आता हौसाताईंचं काम देणं म्हणजे दुसऱ्याच्या आवडीचं काम देणं. भूमिका तिचीच, हे ठरलं. तालमीतला पोरगा चाच्यांचा म्होरक्या करतोय आणि खूश आहे.

विटेकर
म्होरक्याला तलवार खरी दिसणारी द्या मग. पुठ्ठ्याची नको.

मिरजवाला
ठरलंय तर ठरलंय. माझं मत तेच आहे. एकच मागणं. शपथेचं वाक्य बदलू नका. 'मुलगे' आहे तिथे 'लेकरं' घालायचा मोह होईल, तो आवरा. लेखकाने जे लिहिलं ते तिने तसंच, मोठ्याने म्हणावं. खटकायचं असेल तर तिथे प्रेक्षकाला खटकू दे.

कराडची वाचक
उलट मी म्हणते बदलाच. चारशे वर्षं प्रत्येक वेताळ आपापल्या तोंडाने ती शपथ घेत आलाय. ही घेईल तेव्हा तिने आपली घ्यावी.