ओबामा सेंटर बघायला जायचंय: सासऱ्यांचा गुडघा आणि काही शंका

नेपरविलचा_जावई

मंडळी, मदत हवी आहे. सासू-सासरे ३ जुलैला पुण्याहून येतायत, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुक्काम. सासरे वाईजवळ एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवायचे. नायगारा, व्हाइट हाउस वगैरे मागच्या फेरीत उरकलं. या वेळी व्हिसा हातात पडल्यावर फोनवर पहिलं वाक्य: "ते ओबामाचं नवीन म्युझियम तुमच्याच गावात उघडतंय ना?" तुमच्याच गावात म्हणजे शिकागोत, आमच्या घरापासून पस्तीसेक मैल, पण ते असो.

त्यांचं हे प्रेम जुनं आहे. शाळेची सहल मुंबईला गेली की गांधीजींचं मणिभवन ठरलेलं. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग तिथे राहिले होते, हे त्यांनी प्रत्येक तुकडीला सांगितलंय. नोव्हेंबर २०१० मध्ये ओबामा मणिभवनात गेले, तेव्हा आपलंच ऐकून आल्यासारखे ते आठवडाभर फिरत होते म्हणे. दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या शाळेत नवरा-बायको पोरांबरोबर कोळीनृत्यावर नाचले, ते मात्र त्यांना फारसं रुचलं नाही. सासूबाईंना तेवढंच आवडलं.

आता अडचणी. उजवा गुडघा. वीस मिनिटं चालले की कुठेतरी टेकावं लागतं, आणि चाकाच्या खुर्चीचं नाव काढलं की दोन दिवस अबोला. सासूबाईंना झाडं आणि बसायला जागा एवढंच हवं. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला काहीही चालतं, पण अर्धाच तास.

उद्घाटन जूनमध्ये आहे. मग जुलैत लगेच जावं की थांबावं? गाडी न्यावी की ट्रेन? शिवाय सासऱ्यांची दोन विधानं तपासायची आहेत. एक, सेंटर ज्या बागेत आहे त्याच बागेत विवेकानंदांचं १८९३ चं भाषण झालं. दोन, ही प्रेसिडेन्शियल लायब्ररी असल्यामुळे ओबामांच्या सहीची मूळ कागदपत्रं तिथे कपाटं उघडून बघता येतील.

सत्तावन्नावा_रस्ता

मी याच भागात अकरा वर्षं राहते. सप्टेंबर २०२१ मध्ये कुदळ मारली तेव्हापासून सेंटरचा तो मनोरा रोज बघतेय, त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी विधानं. विवेकानंदांचं अर्धं बरोबर. १८९३ चं जागतिक प्रदर्शन इथेच, जॅक्सन पार्कात भरलं होतं. पण सर्वधर्म परिषद त्याच प्रदर्शनाचा भाग असली तरी भरली होती डाउनटाउनमध्ये, मिशिगन अव्हेन्यूवर. ती इमारत म्हणजे आजचं आर्ट इन्स्टिट्यूट. ११ सप्टेंबरला ते ज्या सभागृहात बोलले ते आता उरलेलं नाही, पण इमारत तीच. समोरच्या रस्त्याला त्यांच्या नावाची मानाची पाटीही आहे. २०१० मध्ये आपल्या मुंबईच्या जितीश कल्लाटांनी तिथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर ते अख्खं भाषण दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं. ते काही काळापुरतं मांडलेलं होतं. सरांना तिथे वेगळ्या दिवशी न्या. निघण्याआधी वार बघा, आठवड्यातून दोन दिवस बंद असतं.

कागदपत्रांचं मात्र सरांना हळू सांगा. हूव्हरपासूनच्या इतर अध्यक्षांच्या ग्रंथालयांसारखं हे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यातलं नाही. ओबामा फाउंडेशन ही खासगी संस्था ते चालवते. कारकिर्दीची मूळ कागदपत्रं सरकारी अभिलेखागाराकडेच राहणार आणि अभ्यासकांना ती डिजिटल रूपात मिळणार. इथे आहे ते म्युझियम. त्यात मांडायच्या काही वस्तू अभिलेखागाराकडून उसन्या, पण कपाटं उघडून बसायची सोय नाही. "लायब्ररी" शब्द ऐकून घोळ होणारच, कारण आवारात एक ग्रंथालय खरोखर आहे, पण ते शिकागो पब्लिक लायब्ररीची शाखा. तिथे पोरं गृहपाठ करणार, सर.

आता जागा. एकूण १९.३ एकर. २२५ फुटी मनोऱ्यात म्युझियम. बाजूला फोरम नावाची सभा-कार्यक्रमांची इमारत, मग ती लायब्ररीची शाखा, आणि होम कोर्ट म्हणजे बास्केटबॉलचं मैदान असलेली इमारत. मधल्या मोकळ्या जागेत बागा आणि हिरवळ. तिकीट फक्त म्युझियमला, ते आधी वेळ ठरवून घ्यायचं. बाकी आवार फुकट. तुमच्या सासूबाईंचा दिवस इथेच सुटला बघा. ओबामांच्या आईच्या नावाची, ॲन डनहॅम यांची, पाण्याची बाग आहे, तिच्यात माया लिन यांची कलाकृती. एलिनॉर रूझवेल्टच्या नावाने फळभाज्यांची बाग आहे. सासूबाई वाफे बघून "यांनी मेथी नाही लावली?" विचारतील, माझ्या आईने कुंपणाबाहेरूनच विचारलं होतं.

म्युझियममध्ये ओव्हल ऑफिसची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, मुलीचा अर्धा तास तिथे जाईल. मनोऱ्याच्या उत्तर अंगाला चित्रकार ज्युली मेहरेतूची ८३ फुटी काचेची खिडकी आहे, ती चुकवू नका. वरच्या कोपऱ्यात जवळजवळ पाच फुटी अक्षरं कोरल्यासारखी दिसतात, ती ओबामांनी २०१५ मध्ये सेल्मा या गावी केलेल्या भाषणातली. माझा मुलगा सिग्नलला गाडी थांबली की ती वाचायला बघतो आणि हिरवा पडेपर्यंत दोन शब्दांपलीकडे जात नाही. ओळी कोपऱ्यावर मुडपल्यात. इथले लोक मनोऱ्याला "ओबामालिस्क" म्हणतात (ओबामा अधिक ऑबेलिस्क, म्हणजे उंच दगडी स्तंभ), त्यात प्रेम किती आणि टोमणा किती ते बोलणाऱ्यावर आहे. मला पहिली दोन वर्षं तो आवडला नाही. आता संध्याकाळी मिशिगन तळ्याकडून चालत येताना करड्या ग्रॅनाइटवर तांबूस ऊन पडलेलं असतं तेव्हा मी थांबते. एवढंच कबूल करते.

कधी? जुलैत नको. इथल्या शाळा ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतात, त्यानंतरचा कामाचा दिवस धरा, सकाळची पहिली वेळ. तिकीट सेंटरच्याच संकेतस्थळावरून घ्या. आमच्या ओळखीतल्या एकांनी दुसऱ्याच एका म्युझियमची तिकिटं कुठल्यातरी भलत्या साइटवरून दीडपट दराने घेतली आणि दारात कळलं की वेळ आदल्या दिवशीची होती.

काटकसरे

गाडी कशाला, पार्किंगचे पैसे वाचवा. नेपरविलहून बीएनएसएफ लाइनच्या ट्रेनने युनियन स्टेशन, तिथून मेट्रा इलेक्ट्रिक ही लोकल पकडून ५९ व्या रस्त्याला उतरायचं. स्टेशनवरून स्टोनी आयलंड अव्हेन्यू ओलांडला की समोर सेंटर. ग्रीन लाइनने मात्र जाऊ नका, कॉटेज ग्रोव्हला उतरून पुढे मैलभर चालावं लागतं.

सत्तावन्नावा_रस्ता

काटकसरे, तुमची ट्रेन बरोबर आहे, गुडघा तुमचा नाही. मेट्रा इलेक्ट्रिक युनियन स्टेशनवरून सुटत नाही, मिलेनियम स्टेशनवरून सुटते. मधलं अंतर साधारण मैलभर. तिथेच सरांची वीस मिनिटं संपली. एकटा-दुकटा माणूस असेल तर ट्रेनच उत्तम, मी रोज तीच धरते.

जावईबापू, तुम्ही गाडीच काढा. आय-५५ संपतो तिथे लेक शोअर ड्राइव्हला लागा, दक्षिणेकडे वळा, ५७ व्या रस्त्याला बाहेर पडा. डावीकडे सगळा वेळ तळं दिसतं, सासूबाईंना त्या बाजूला बसवा. बागेतून जाणारा कॉर्नेल ड्राइव्हचा तुकडा सेंटरसाठी बंद केलाय, त्यामुळे एखाद्या जुन्या मित्राने सांगितलेला शॉर्टकट चालणार नाही. सेंटरखाली गाडीतळ आहे.

आणि चाकाची खुर्ची घरूनच डिकीत टाका, न बोलता. माझे वडील तीन वर्षांपूर्वी आले होते. सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये १९४४ मध्ये पकडलेली यू-५०५ ही जर्मन पाणबुडी आहे. दारापाशी मी खुर्चीचं विचारलं तर म्हणाले, "मी काय पेशंट आहे?" पाणबुडीच्या आत वाकून, पाइपाला धरून धरून, पार शेवटपर्यंत गेले. बाहेर आल्यावर बाकावर बसले ते पाऊण तास उठले नाहीत. घरी आल्यावर सुजलेला गुडघा घेऊन दोन दिवस टीव्ही.

ते म्युझियम सेंटरपासून दहा-बारा मिनिटांवर आहे. आत नका जाऊ त्या दिवशी, पण इमारत सरांना बाहेरून दाखवाच. १८९३ च्या प्रदर्शनातल्या बहुतेक पांढऱ्या इमारती प्लास्टर आणि तागाच्या, वर्षभराच्या बोलीवर बांधलेल्या. काही जळाल्या, काही पाडल्या. ही टिकली कारण हिच्यात चित्रं ठेवायची होती आणि आगीचा धोका असता तर चित्रांच्या मालकांनी ती दिलीच नसती, म्हणून आतून वीट घातली. इतिहासाच्या मास्तरांना हे आवडेल. पलीकडच्या मिडवे प्लेझान्स या लांबट हिरव्या पट्ट्यावर जगातला पहिला फेरिस व्हील होता, २६४ फुटी. म्हणजे ओबामांच्या मनोऱ्यापेक्षा उंच. साठाव्या रस्त्यावरून पश्चिमेला गाडी वळवली की लॉ स्कूल लागतं, ओबामा तिथे १९९२ ते २००४ राज्यघटना शिकवत होते. गाडीतूनच दाखवा.

वुडलॉनचा_भाडेकरू

सगळे बागा आणि खिडक्या सांगतायत म्हणून दुसरी बाजूही लिहितो. मी सेंटरच्या पश्चिमेला, वुडलॉन या वस्तीत राहतो, पीएचडी चालू आहे. मनोरा वर चढला तसं माझं भाडंही चढलं. घरमालकाने नूतनीकरणाच्या पत्रात "केंद्रापासून चालत अंतर" असं लिहिलं होतं, जणू ते केंद्र त्यानेच बांधलंय. शेजारच्या आजी पन्नास वर्षं इथे आहेत, वुडलॉनमधली घरं परवडणारी राहावीत म्हणून २०२० मध्ये शहराचा ठराव होईपर्यंत त्यांनी सभा गाजवल्या. बागेतली झाडं तोडली म्हणून भांडणाऱ्यांत पण त्या होत्या. उद्घाटनाचं काय, असं विचारलं तर म्हणतात, नातवाला घेऊन लायब्ररीत जाणार, लायब्ररी आमचीच आहे. बघायला नक्की या. फक्त बाहेर पडून दोन गल्ल्या पश्चिमेला पण चक्कर मारा, सरांना रस असेल तर.

स्प्रिंगफील्डवाली

सरांना कागदच हवे असतील तर आपल्या राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला आणा. लिंकन म्युझियम २००५ पासून आहे, तेही राष्ट्रीय अभिलेखागाराचं नाही, राज्य सरकारचं. गेटिसबर्ग भाषणाच्या लिंकनच्या हातच्या पाच प्रतींपैकी एक त्यांच्या संग्रहात आहे. नेहमी मांडलेली नसते, फोन करून विचारा. तीन-सव्वातीन तासांची ड्राइव्ह, मधे गुडघ्यासाठी दोन थांबे धरा. लिंकनचं राहतं घरही तिथेच आहे.

नेपरविलचा_जावई

सगळ्यांचे आभार. काल सासऱ्यांना धागा मोठ्याने वाचून दाखवला. विवेकानंदांचं ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "भाषण प्रदर्शनाचाच भाग होतं ना? मग मी चुकलो नाही." लिंकनचं लगेच मंजूर. भाड्याचं ऐकून वुडलॉनच्या त्या आजींना भेटता येईल का, असं विचारलंय. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला बुधवार धरतोय.

जेवणाचं काय? सासूबाई बाहेरचं खात नाहीत, सासरे गुरुवार सोडून अंडं खातात.

सत्तावन्नावा_रस्ता

बुधवार म्हणजे जमलं. ५३ व्या रस्त्यावर व्हॅलॉइस नावाची कॅफेटेरिया आहे, ओबामांची नेहमीची. ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, समोर ऑम्लेट होतं. सरांना तिथे न्या. सासूबाईंसाठी धपाटे आणि घट्ट दही घरून. हिरवळीवर चादर टाकून बसा, तळ्याकडून वारा येतो, उन्हाळ्यातही एक शाल ठेवा.

खुर्चीचं काय ठरलं?

नेपरविलचा_जावई

तेही वाचून दाखवलं, पाणबुडीसकट. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खुर्ची घे. पण ढकलणार नात."

सत्तावन्नावा_रस्ता

हिरवळीच्या बाजूला एक टेकडी केलीय, हिवाळ्यात पोरांनी बर्फावरून घसरायला. नातीला आधीच सांगून ठेवा, आजोबांना त्या बाजूला न्यायचं नाही.