विंड फ्लॅग दोन रंगीच घ्या
दादा, रायफल नेमबाजीत वारा बघायला रेंजवर लावायचा विंड फ्लॅग म्हणून नुसती रिबन पुरे की दोन रंगी पात्याचा फ्लॅग घ्यावा असं विचारलंत, तर दोन रंगीच घ्या की ओ. एका बाजूला लाल दुसऱ्या बाजूला पिवळा असला की वारा उलटलेला कडेच्या नजरेतसुद्धा लगेच कळतो, आणि मागची प्लास्टिकची शेपटी किती उचलली त्यावरून जोर समजतो, कापडाची शेपटी नको, भिजली की जड होते आणि आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात पावसाळ्यात पश्चिमेचा वारा ओलाच येतो. पॉइंट टू टू (.२२ बोअरची) रायफल ५० मीटरला मारताना एक फ्लॅग बंदुकीजवळ पाहिजेच, तिथं गोळी ढकलली गेली की तो फरक टार्गेटपर्यंत वाढतच जातो. उंची गोळीच्या रेषेच्या जरा खाली ठेवा. आणि घेताना हळूच फुंकर मारून बघा, तेवढ्यानं फिरला नाही तर बेअरिंग घट्ट आहे, तो घेऊच नका.