वरच्या मजल्यावरचा वॉर्ड संध्याकाळी का तापतो? एसी हाच उपाय आहे का?

नवशिका_आर्किटेक्ट:
उष्ण भागातल्या एका तीन मजली हॉस्पिटलच्या रिनोव्हेशनवर काम करतोय. सगळ्यात वर जनरल वॉर्ड, एसी नाही, नुसते पंखे. दुपारी एक-दोनला लोक कसंबसं सहन करतात, पण संध्याकाळी सातनंतर बाहेर बरं वाटायला लागलं तरी आत भट्टी. भिंतीवरचा थर्मामीटर ३३ च दाखवतो आणि पेशंट म्हणतात अंग भाजतंय. मॅनेजमेंट म्हणतं स्प्लिट एसी ठोका आणि मोकळे व्हा. मला पटत नाहीये, पण का पटत नाहीये ते सांगताही येत नाहीये.

रात्रपाळी:
मी सिस्टर आहे, आर्किटेक्ट नाही, पण अशाच वरच्या मजल्यावर बरीच वर्षं ड्युटी केलीये म्हणून लिहिते. आमच्या पश्चिमेच्या काचांना आम्हीच जुन्या एक्सरे फिल्म चिकटवल्या होत्या, चार वाजेपर्यंत काच एवढी तापायची की फिल्मचे कोपरे सुटून आत वळायचे. आणि तुम्ही लोक उभं राहून विचार करता, पेशंट आडवा असतो हो! पाठीखाली रेक्झिनचं कव्हर, घाम वाळणार कुठून, चादर काढली की पाठीच्या आकाराचा ओला डाग. प्लास्टरमधला माणूस तर कूसही बदलू शकत नाही. मणक्याला मार लागलेल्यांना इजेच्या खाली घामच नीट येत नाही, काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनीही घाम कमी होतो, यातले बरेच जण तक्रारही करत नाहीत, आपण हात लावावा तर अंग तापलेलं. एसी आला की वेगळंच भांडण, मी पळत असते मला १८ हवा आणि कोपऱ्यातल्या आजी दोन ब्लँकेटं घेऊन कुडकुडतात.

डक्टवाला:
ताईंनी अर्धं उत्तर दिलंच आहे. संध्याकाळचा गुन्हेगार म्हणजे स्लॅब. दिवसभर ऊन खातो, ती उष्णता काँक्रीटमधून खाली उतरायला काही तास लागतात, म्हणून बाहेर गार झाल्यावर तुमचं छत तापलेलं. तुमचा थर्मामीटर हवा मोजतो, छताकडून अंगावर येणारी धग नाही, आणि पेशंट त्या छताकडे तोंड करूनच झोपलेला असतो. कम्फर्ट ठरतो सहा गोष्टींवर: हवेचं तापमान, आजूबाजूच्या पृष्ठभागांचं तापमान, दमटपणा, वारा, कपडे आणि शरीराची हालचाल. पडून असलेल्या माणसाचं धरतात ०.८ मेट (शरीर किती उष्णता तयार करतं त्याचं माप, शांत बसलेला माणूस म्हणजे १), चालणाऱ्या सिस्टरचं २ च्या आसपास. एकाच सेटिंगवर दोघं खूश होणं अवघडच.

पंख्याचं म्हणाल तर अंगाला ०.८ मीटर प्रतिसेकंद वारा लागला की साधारण ३ अंश उतरल्यासारखं वाटतं. पण हवाच ३५ च्या वर गेली की पंखा फक्त घाम वाळवतो, ज्याला घामच येत नाही त्याच्यासाठी तो गरम झोत.

म्हणून आधी छत. वरून इन्सुलेशन, त्यावर पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट (धूळ बसली की गेला, धुवायचं कुणी ते आधी ठरवा). मग पश्चिमेच्या खिडक्या, तिथे आडवा छज्जा फारसा कामाचा नाही कारण मावळतीचं ऊन छज्ज्याच्या खालून तिरपं आत येतं, बाहेरून उभे फिन (ऊन अडवणाऱ्या पट्ट्या) लावा. आतला पडदा म्हणजे चोर घरात आल्यावर कडी लावणं.

नवशिका_आर्किटेक्ट:
हे सगळं करून वर स्प्लिट लावला तर?

डक्टवाला:
साधा स्प्लिट तीच हवा फिरवतो, आणि एसी लागला की खिडक्या बंद. जनरल वॉर्डात खोकणारेही असतात, ताजी हवा लागतेच. डब्ल्यूएचओच्या २००९ च्या गाइडलाइनमध्ये नैसर्गिक व्हेंटिलेशनच्या जनरल वॉर्डला दर पेशंट ६० लिटर प्रतिसेकंद ताजी हवा सांगितलीये. पेरूत लिमाच्या ८ हॉस्पिटलांतली मोजणी २००७ मध्ये छापून आली, त्यात खिडक्या-दारं उघडी ठेवल्यावर तासाला २८ वेळा हवा बदलत होती, मशीनने हवा खेळवायच्या खोल्यांसाठी शिफारस असते १२ ची. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतीत ४०, नव्या खोल्यांत १७. अर्थात ओटी, आयसीयू वेगळं प्रकरण, तिथे फिल्टरसकट एसी पाहिजेच.

कौलारू:
ब्राझीलचे आर्किटेक्ट लेले बघा (आडनाव नव्हे, टोपणनाव आहे! नाव जोआंव फिल्गेरास लिमा). त्यांचं साराह नेटवर्कचं (तिथली पुनर्वसन हॉस्पिटलांची साखळी) साल्व्हादोर शहरातलं हॉस्पिटल, १९९४. जमिनीखालच्या बोगद्यांतून गार हवा वॉर्डात येते आणि करवतीच्या दातांसारख्या छपरातून गरम हवा वर निघून जाते. रिनोव्हेशनमध्ये बोगदे खणणार नाही तुम्ही, पण गरम हवेला छताजवळ बाहेर पडायला वाट आहे का ते तरी बघा.

नवशिका_आर्किटेक्ट:
नाहीये. झरोके होते, कधीतरी प्लाय मारून बंद केलेत. म्हणजे छत, फिन, झरोके आणि रात्री खिडक्या उघड्या, असं मांडतो. एसी फक्त चार खाटांच्या एका वेगळ्या खोलीत, ज्यांना घाम येत नाही त्यांच्यासाठी, आणि तिथे ताज्या हवेचा फॅन.

रात्रपाळी:
रात्री खिडक्या उघड्या राहतील असं कागदावर लिहू नका. सातला डास आले की मीच बंद करते सगळ्या. आधी जाळ्या.

डक्टवाला:
+१. आणि जाळीने वारा बराच अडतो, तेव्हा उघडणारा भाग त्या हिशेबाने मोठा धरा, स्लायडिंग असेल तर अर्धी खिडकी तशीही कायम बंदच असते.

नवशिका_आर्किटेक्ट:
स्लायडिंगच आहेत. उद्या बदलतो ड्रॉइंग.