मदत हवी आहे: इंग्रजी वाचलेलं कळतं, ऐकलेलं कळत नाही

इंग्रजी लेख न अडखळता वाचता येतात, व्याकरणाचीही फार अडचण नाही. पण कोणी नेहमीच्या वेगात बोललं की निम्मं डोक्यावरून जातं. सबटायटल लावले की सगळं कळतं, काढले की परत तेच. नुसतं भरपूर ऐकत राहावं की पद्धत बदलावी? रोज अर्धा तास देता येईल.

प्रतिसाद १
आधी एक तपासून बघा. न कळलेल्या अर्ध्या मिनिटाची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे बोललेल्याचा लिहिलेला मजकूर, वाचा. वाचूनही अर्थ लागला नाही तर शब्दसंग्रह कमी पडतोय. वाचताक्षणी कळलं तर शब्द येतात, पण बोलण्यात ते कसे वाजतात हे कानाला ठाऊक नाही. सबटायटलमुळे कळतं म्हणताय, म्हणजे तुमचं बहुधा हे दुसरंच. मग काम करता करता मागे काहीतरी लावून ठेवल्याने फारसं काही होणार नाही.

मराठीत आपण बहुतेक अक्षरं साधारण सारख्या वजनाने बोलतो. इंग्रजीत जोराचं अक्षर ठसठशीत येतं, बाकीची आक्रसतात. 'टू'चं नुसतं 'ट' उरतं, 'अँड'चं 'न', 'शुड हॅव'चं 'शुडव'. शिवाय शब्द एकमेकांना चिकटतात: 'पिक इट अप' हे 'पिकिटप' होतं, 'डिड यू' हे 'डिजू', 'नेक्स्ट डे'मधला 'ट' गळतो. आपण छापील रूपाची वाट बघत बसतो आणि तोवर पुढचं वाक्य निघून जातं.

यावर सर्वांत खात्रीचा उपाय श्रुतलेखन. कंटाळवाणा आहे, पण कराच. ट्रान्स्क्रिप्ट असलेला ३०-४० सेकंदांचा तुकडा घ्या. दोनदा न थांबवता ऐका, विषय काय एवढंच पकडा. मग एकेक वाक्य थांबवून लिहा. अडलं तिथे जागा सोडू नका, जो आवाज आला तो देवनागरीत जसाच्या तसा उतरवा. एका वाक्याला चार-पाच वेळा पुरे. नंतर ट्रान्स्क्रिप्टशी ताडून प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: शब्द नवा, चिकटलेला, आक्रसलेला की गळलेला. ही शेवटची पायरी लोक टाळतात, आणि खरी सुधारणा तिथेच असते; आठवड्याभरात त्याच त्या चुका पुन्हा येताना दिसतील. शेवटी मजकूर झाकून परत ऐका आणि बोलणाऱ्याच्या मागोमाग त्याच लयीत म्हणा. याला वीस मिनिटं जातात. उरलेली दहा मिनिटं सोपं काहीतरी सलग ऐका, न थांबवता.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. सबटायटल सोडायची गरज नाही, क्रम बदला: आधी त्यांच्याशिवाय, मग इंग्रजी सबटायटलसह, मग पुन्हा त्यांच्याशिवाय. मराठी सबटायटल मात्र नकोत, कान काम करणं सोडून देतो.

वेग ०.७५ केला तरी चालेल, पण गळलेला 'ट' त्याने परत येत नाही, आहे तो आवाज फक्त ताणला जातो. त्यामुळे शेवटचं ऐकणं मूळ वेगातच हवं.

साहित्य निवडताना शंभरात पाचाहून जास्त शब्द नवे असतील तर तो तुकडा सोडा. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ साली शिकणाऱ्यांसाठी सुमारे १५०० शब्दांच्या मर्यादेतलं, संथ वाचनाचं प्रसारण सुरू केलं. तसलं साहित्य सुरुवातीला उत्तम. पण त्यात शब्द सुटे सुटे येतात, म्हणून आठवड्यातले दोन-तीन दिवस मुलाखती किंवा गप्पा घ्याच.

धागाकर्ता
आभार! उद्यापासून सुरू करतो. एक शंका: अमेरिकन बोलण्यात 'कॅन' आणि 'कान्ट' सारखेच का वाटतात?

प्रतिसाद १
कारण नकारातला 'ट' बहुतेक वेळा घशातच थांबतो. त्याची वाट बघू नका, जोर कुठे आहे ते ऐका. 'आय क्न गो' असं आखडून आलं आणि जोर 'गो'वर पडला, तर होकार. 'आय कॅन् गो'मध्ये 'कॅन्'वरही ठसठशीत जोर आला, तर नकार. ब्रिटिश बोलण्यात नकाराचा 'आ' सहसा लांब असतो, म्हणून तिथे गोंधळ कमी. फक्त 'येस, आय कॅन' अशा तुटक उत्तरात होकारही पूर्ण उच्चारला जातो, तेवढं लक्षात असू द्या.