यंत्र आहे, हेलियम नाही
विद्यापीठात महागडी यंत्रं आली की पीएचडीचं अडलेलं काम सुटेल, असं काही जण म्हणतात. माझा अनुभव वेगळा. आमच्या विभागात अतिवाहकांचा, म्हणजे खूप थंड केल्यावर ज्यांचा विजेला होणारा रोध शून्य होतो अशा पदार्थांचा, रोध मोजायचं यंत्र होतं, पण द्रव हेलियम वेळेवर यायचंच नाही. थंड करायला वापरतात तो द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला (उणे १९६ अंश सेल्सिअस) उकळतो, त्याहून खाली ४.२ केल्विनपर्यंत उतरायचं तर हेलियमच लागतं. सात महिने मी नमुने डबीत सिलिका जेल घालून नुसते जपले. शेवटी इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्रात, म्हणजे विद्यापीठांतल्या संशोधकांना यंत्रं वापरू देणाऱ्या संस्थेत, अर्ज केला, तिथल्या यंत्रावर वेळ मिळाली. रात्री दोन वाजता पडद्यावर रोधाची रेघ सरळ शून्यावर कोसळली, डोळेच भरून आले! तुम्ही पीएचडीच्या पहिल्याच वर्षी तिथे अर्ज करा. आणि विभागाकडे यंत्राआधी देखभालीचा निधी आणि कायमस्वरूपी तंत्रज्ञ मागा.